कर्जाचे कारण

महाविद्यालयाचा वार्षिक अंक चाळला तर त्यात प्राचार्यांचे मनोगत, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि क्रीडास्पर्धांचे वृत्तांत सापडतात. परंतु त्याच इमारतीची कुलपे भल्या सकाळी काढणारा शिपाई, परीक्षानळ्या धुऊन पालथ्या घालणारा प्रयोगशाळा परिचर, प्रवेशाच्या धामधुमीत खिडकीआड दिवसभर पावत्या फाडणारा कनिष्ठ लिपिक, यांच्या घरी त्या वर्षी काय घडले, कोणाची मुलगी उजवली, कोणाच्या घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब पडला, याची दखल त्या अंकात कोठेही घेतलेली नसते. ती घेतली जाते सेवकांच्या पतपेढीच्या दफ्तरात, आणि तीही कर्जाच्या अर्जातील एका अरुंद रकान्यात, ज्याच्या माथ्यावर ‘कर्जाचे कारण’ एवढेच छापलेले असते.

नाशिक हे शिक्षणसंस्थांचे जुने ठाणे. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ सालचा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ सालची, तिचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ साली निघाले आणि ‘समाजा’चे के. टी. एच. एम. १९६९ साली. ‘समाजा’च्या परिभाषेत नोकरदाराला ‘सेवक’ म्हणतात, आणि हा शब्द मला ‘कर्मचारी’ या कोरड्या शब्दापेक्षा नेहमीच अधिक भारदस्त वाटत आला आहे, मग पगारपत्रकावरचा आकडा काही का सांगेना. एवढा हा सेवकवर्ग निवृत्तीनंतर जातो कोठे, असे कोणी विचारल्यास मी त्याला महामार्गाखालचा तो सदा कोंडलेला बोगदा ओलांडून आमच्या इंदिरानगरात आणतो. येथील कित्येक घरांच्या पायात पतपेढीची रक्कम गाडलेली आहे.

पतपेढीची कल्पना मात्र आमच्या पिढीची नव्हे. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ साली बडोद्यास ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ उभारली तेव्हा सहकाराचा कायदाही झालेला नव्हता. तो आला १९०४ साली. सहकाराचे थोर अभ्यासक धनंजयराव गाडगीळ तर नाशकातच जन्मले, १९०१ मध्ये. त्याचा अभिमान आमच्या सभांतून प्रसंगी वाजवीपेक्षा जास्त बोलून दाखविला जातो. आजच्या पेढ्या चालतात त्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने, आणि त्याचे ४९ वे कलम हा पगारदारांच्या पेढीचा खरा कणा होय. सभासदाने एकदा संमती लिहून दिली की कर्जाचा हप्ता त्याच्या वेतनातून परस्पर कापून पेढीकडे भरणे मालकावर बंधनकारक होते. वसुलीसाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही. तगादा नाही, जप्ती नाही, आणि म्हणून मनात किल्मिषही राहत नाही.

तरीही दोन जामीनदार लागतातच, आणि माणसाची खरी पत त्या वेळी कळते. वर्षानुवर्षे एकाच किटलीतला चहा प्यालेला सहकारी अर्ज पुढे करताच चष्मा घरी राहिल्याचे सांगतो, आणि ज्याच्याशी कधी चार शब्द बोलणे झाले नाही असा ग्रंथालय परिचर उभ्याउभ्याच सही करून ‘अहो, त्यात काय एवढे’ म्हणत पुस्तकांच्या मांडणीकडे वळतो.

तो रकाना वर्षभर वाचीत गेल्यास ऋतुचक्र डोळ्यांपुढून सरकते. मृगाच्या आगेमागे, ज्यांची निफाड-दिंडोरीकडे थोडी जमीन आहे त्यांना बी-बियाण्यासाठी ‘तातडीचे कर्ज’ हवे असते. त्याच सुमारास इतरांना मुलांची फी आणि पाठ्यपुस्तके. श्रावणात अर्ज रोडावतात, मात्र किरकोळ रजेचे वाढतात, कारण तिसऱ्या सोमवारी अर्धे कार्यालय ब्रह्मगिरीच्या फेरीला गेलेले असते. आणि गंगापूर धरणातून पाणी सुटले की गोदावरीच्या पुराचे माप म्हणून ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले काय?’ हा प्रश्न पगारबिलापेक्षा निकडीचा ठरतो. नवरात्रात कालिकेच्या यात्रेची गडबड. त्यानंतर द्राक्षबागांच्या छाटणीला मजुरीचे पैसे. तुळशीचे लग्न लागले रे लागले की रकान्यात ‘मुलीचे लग्न’ हे दोन शब्द ओळीने येऊ लागतात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरी जाणारी मंडळी कर्ज मागत नाहीत, रजा मागतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी आवक-जावक नोंदवहीवर कारकुनाच्या बोटांचा केशरी ठसा उमटलेला मी स्वतः पाहिला आहे. उन्हाळ्यात ‘घरदुरुस्ती’. परीक्षांचे वेळापत्रक विद्यापीठ ठरविते. हे दुसरे वेळापत्रक कोणी ठरविलेले नाही.

या साऱ्याची जाहीर बेरीज होते ती वार्षिक सर्वसाधारण सभेत, जी ३१ मार्चला वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत भरवावी लागते. सभेच्या नोटिशीतच लिहिलेले असते की गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेतली जाईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. आणि सभासद इतके कायदेपंडित, की ते त्या अर्ध्या तासानंतरच येतात. प्रथम दिवंगतांना श्रद्धांजली, मग मागील इतिवृत्त कायम करणे, मग ताळेबंद. निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीकडे गेलाच पाहिजे आणि लाभांश शेकडा १५ च्या वर देता येत नाही, एवढे ठाऊक असूनही त्या टक्क्यांवरून घसे कोरडे होतात. दिवाळीची भेट म्हणून स्टीलचा डबा द्यावा की तेवढीच रक्कम खात्यावर जमा करावी, या विषयावर मी ऐकलेली भाषणे महाविद्यालयाच्या वक्तृत्वस्पर्धेत सहज बक्षीस मिळवती. ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयां’त कोणी नफ्यावर शंका काढतो, अध्यक्ष खुलासा करतात, आणि गुणवंत पाल्यांचा सत्कार सुरू होताच मघाचा शंकेखोर पहिल्या रांगेत मोबाइल सरसावून उभा राहतो, कारण त्याच्या नातीला दहावीत चांगले गुण पडलेले असतात.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. हा रकाना इतिहासाचे साधन म्हणून मी वाखाणला खरा, परंतु तो सर्वस्वी विश्वसनीय नाही. मंजूर होण्याजोगी कारणे सर्वांना पाठ असतात. त्यामुळे भावाचे देणे, मुलाच्या फसलेल्या धंद्याची भरपाई, किंवा ज्याचा उच्चार चारचौघांत करता येत नाही असे घरातले दुखणे, ही सारी ‘घरदुरुस्ती’ या एकाच सोज्ज्वळ शब्दाखाली निजतात.

माझ्या कागदपत्रांत मला परवा माझाच एक जुना अर्ज सापडला. त्यावरही वळणदार अक्षरात ‘घरदुरुस्ती’ असेच लिहिले होते. त्या वर्षी आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि दुरुस्त करावे असे घर माझ्या मालकीचे नव्हते. पेढीच्या कारकुनाला ते ठाऊक होते, कारण तो त्याच वाड्यात वरच्या मजल्यावर राहत असे. त्याने अर्ज वाचला, क्षणभर माझ्याकडे पाहिले, शाईचा पॅड पुढे ओढला आणि ‘शिफारस’ असा शिक्का मारून कागद साहेबांच्या फायलीत सरकविला.