संकोचाचे मोल

ज्या रोगाचे कारण ठाऊक आहे आणि ज्यावर प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे, त्या रोगाने सहस्रावधी स्त्रियांचे बळी घ्यावेत, हे कोणत्याही सुधारलेल्या समाजास भूषणावह नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा तो रोग होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे सव्वा लाख स्त्रियांना तो जडला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्यास बळी पडल्या.

ह्या रोगाच्या मुळाशी ‘एचपीव्ही’ नामक विषाणू आहे. त्याच्या शोधाबद्दल जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, आणि नेमके येथेच आमच्या सुशिक्षित घरांतले बोलणे खुंटते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीस लस टोचण्याचा विषय निघताच, ‘आमच्या मुलीला ती कशाला?’ असा प्रश्न येतो. त्यामागची चारित्र्याची काळजी सर्वस्वी अस्थानी आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांस हा संसर्ग केव्हा ना केव्हा होतोच. बहुधा तो आपोआप नाहीसा होतो. परंतु ज्या थोड्या स्त्रियांच्या शरीरात तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो, त्यांना पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. संसर्गापूर्वी टोचलेली लस सर्वांत गुणकारी ठरते, म्हणूनच हे कोवळे वय निवडलेले आहे. घटसर्पाची लस देताना आपण मुलाच्या वर्तनाचा विचार करीत नाही. मग येथेच तो का?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही देशी लस २०२३ साली बाजारात आली. सिक्कीमने तर २०१८ सालीच मुलींच्या लसीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला होता. मात्र लस घेतली म्हणून तपासणी टळत नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, ज्या गटात एचपीव्ही चाचणी एकदाच करण्यात आली, तेथे ह्या रोगाच्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले.

खेड्यातील स्त्रिया ज्या तपासणीस पुढे आल्या, तिचे नावही शहरातील पदवीधर कुटुंबात उच्चारले जाऊ नये, ही सभ्यता नव्हे. मातांनी तिशीनंतर स्वतःच्या तपासणीविषयी, आणि पित्यांनीही मुलीच्या लसीविषयी आपल्या डॉक्टरांस निःसंकोचपणे विचारावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या संकोचाचे मोल मुलींनी प्राण देऊन चुकवावे, हे कोणत्या मातापित्यांस रुचेल?