मद्यमुक्तीचे स्वसाहाय्य गट : उगम, स्वरूप आणि शोध

मद्यासक्ती हा चारित्र्याचा दोष नसून शरीर व मन या दोहोंना ग्रासणारा आजार आहे, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. औषधोपचाराने मद्याचे विष शरीरातून उतरते. परंतु त्यानंतरचा दीर्घ काळ मद्याविना जगणे ही स्वतंत्र साधना ठरते. या टप्प्यावर समदुःखी व्यक्तींनी एकमेकांच्या आधारासाठी नियमित एकत्र येण्याच्या व्यवस्थेस स्वसाहाय्य गट म्हणतात. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ अर्थात ए.ए. ही त्यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेली संघटना होय.

ए.ए.चा उगम अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ॲक्रन या शहरी झाला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील बिल विल्सन हे डिसेंबर १९३४ मध्ये मद्यमुक्त झाले. पुढील काही महिने त्यांनी अनेक मद्यपींना सुधारण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी कोणीही सुधारले नाही, मात्र विल्सन स्वतः मद्यापासून दूर राहिले. मे १९३५ मध्ये ॲक्रन येथे व्यवसायात अपयश आल्यावर त्यांना मद्याचा मोह झाला. तेव्हा दुसऱ्या मद्यपीशी बोलल्यानेच आपण सावरू, हे ओळखून त्यांनी शोध सुरू केला आणि १२ मे रोजी शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट स्मिथ यांची भेट घेतली. डॉ. स्मिथ यांनी अखेरचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो. पुढे १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बारा पायऱ्यांचा कार्यक्रम मांडण्यात आला. गटांच्या कारभाराची बारा परंपरा-सूत्रे १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकारली गेली.

या सूत्रांनुसार मद्य सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट आहे. प्रवेशशुल्क नसते. खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागविला जातो आणि बाहेरील देणग्या नाकारल्या जातात. सदस्यांची ओळख गुप्त राखली जाते. सभा साधारणतः तास-दीड तास चालते. प्रत्येक जण स्वतःचा अनुभव सांगतो. त्याला सदस्य ‘शेअरिंग’ म्हणतात. इतरांनी मध्येच सल्ला देणे वा वाद घालणे अपेक्षित नसते. अनुभवी सदस्य नवागताला वैयक्तिक मार्गदर्शन करतो, त्यास ‘स्पॉन्सर’ ही संज्ञा रूढ आहे. आयुष्यभराच्या प्रतिज्ञेऐवजी आजच्या दिवसापुरते मद्य न घेण्याचा संकल्प येथे केला जातो.

सभांचे मुख्य प्रकार दोन. खुल्या सभेस नातेवाईक, विद्यार्थी वा कोणीही जिज्ञासू उपस्थित राहू शकतो. बंद सभा केवळ मद्य सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही स्वतंत्र संघटना १९५१ मध्ये उदयास आली. ज्यांना बारा पायऱ्यांतील आध्यात्मिक भाग रुचत नाही, त्यांच्यासाठी १९९४ पासून ‘स्मार्ट रिकव्हरी’सारखे मानसशास्त्राधिष्ठित गट उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ने उपचारांबरोबरच रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविला.

जवळची सभा शोधण्याचे मार्ग सुलभ आहेत. संघटनेच्या भारतीय संकेतस्थळावर आणि शहरनिहाय दूरध्वनी सेवेवर सभांची माहिती मिळते. व्यसनमुक्ती केंद्रातील समाजसेवक व रुग्णालयाचा मानसोपचार विभाग यांच्याकडेही विचारणा करता येते. केंद्र शासनाची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि १४४१६ ही ‘टेली मानस’ सेवा निःशुल्क आहे. सभा निवडताना वार, वेळ, भाषा आणि ती खुली आहे की बंद, या चार बाबी पाहाव्यात. भाषेचे महत्त्व विशेष आहे, कारण मनातले दुःख परक्या भाषेत मोकळे होत नाही. परिसरात ओळखले जाण्याचा संकोच असल्यास दुसऱ्या उपनगरातील सभा निवडता येते. पहिल्या दिवशी बोलणे बंधनकारक नसते. एका गटात मन न रमल्यास अन्य दोन-तीन गटांचा अनुभव घेऊन मगच निर्णय करावा.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते अकस्मात थांबविल्यास झटके येणे, भ्रम होणे अशी जीवघेणी लक्षणे उद्भवू शकतात. अशा व्यक्तीने प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सभा ही उपचारांस पूरक असते. त्यांना पर्याय नव्हे.

परिणामकारकतेविषयी, २७ अध्ययने व १०,५६५ सहभागी समाविष्ट असलेला ‘कॉक्रन’ आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ए.ए.शी जोडून देणारे सुनियोजित उपचार सातत्याने मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरल्याचे त्यात आढळले.

आपण गटावर भार होऊ, या शंकेने अनेक नवागत दाराशीच थबकतात. ॲक्रनचा इतिहास याचे निराकरण करतो. तेथे मदतीची निकड प्रथम विल्सन यांना होती आणि ती डॉ. स्मिथ यांच्याशी बोलून भागली. नवागताचे ऐकताना जुन्या सदस्याचा स्वतःचाही संकल्प दृढ होतो. म्हणूनच प्रथमच सभेस येणारी व्यक्ती गटाकडून साहाय्य घेते, तसेच ती गटाला साहाय्य देतही असते.