घरचा अर्धा तास : लेकरांच्या शिक्षणात आईचा वाटा



आपल्या गटाच्या दशसूत्रीत शिक्षण हे एक सूत्र आहे. पण बैठकीत बचत, कर्ज आणि परतफेड यांवर जेवढं बोलणं होतं, तेवढं शिक्षणावर होत नाही. “ते गुरुजी बघतील, आपल्याला काय कळतंय त्यातलं,” असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच थांबतो. म्हणून या अंकात त्याच सूत्रावर बोलू.

शहरांत काही आईवडील मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवतात. त्याला होमस्कूलिंग म्हणतात. आपल्याला तसं शाळा सोडून करायचं नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. शाळेत पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं, बरोबरीची लेकरं भेटतात. ते सोडायचं नाही. पण घरी शिकवण्याचे जे फायदे आहेत, ते शाळेच्या जोडीला आपल्यालाही घेता येतात. दिवाळीनंतर ज्यांच्या घरातून ऊसतोडीला जाणं होतं, त्यांना तर ते घ्यावेच लागतात.

आईनं शिकवलेली पंडिता

पंडिता रमाबाईंचं नाव आपण ऐकलेलं असतं. त्यांचा जन्म 1858 चा. त्या काळी मुलींना शिकवणं पाप समजत. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. रमाबाईंच्या वेळी वडील म्हातारे झाले होते, म्हणून त्यांना आईनं शिकवलं. दिवसभर घरचं काम असायचं, त्यामुळं लक्ष्मीबाई लेकीला पहाटे उठवून पाठ घ्यायच्या. हातात पुस्तक नसायचं. आई म्हणायची, लेक मागून म्हणायची.

हे कुटुंब एका जागी राहणारं नव्हतं. तीर्थयात्रा करत गावोगाव पायी फिरायचं. तरी शिकणं थांबलं नाही. पुढं दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर फिरत कलकत्त्याला पोचल्या, आणि 1878 साली तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. 1889 साली त्यांनीच मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन ही शाळा काढली. जिला लहानपणी शाळेत जायला मिळालं नाही, तिनं दुसऱ्यांच्या लेकींसाठी शाळा उघडली.

आपलंही बिऱ्हाड वर्षातले पाच-सहा महिने फिरतं असतं. म्हणून ही गोष्ट आपल्या उपयोगाची आहे.

घरी शिकवल्यानं काय होतं?

पहिला फायदा म्हणजे एकट्याकडं लक्ष. वर्गात एका गुरुजींपुढं वीस-तीस लेकरं असतात. एखाद्याला हातच्याची वजाबाकी कळली नाही तर ते गप्प बसतं आणि पुढचं सगळंच अवघड होत जातं. घरी आपल्यापुढं एकच लेकरू असतं. ते कुठं अडलं ते लगेच दिसतं.

दुसरा फायदा, भीती राहत नाही. आपल्या बोलीत, आपल्या माणसापुढं चुकायला लेकरू घाबरत नाही. चुकत चुकतच येतं.

तिसरा फायदा, घरच्या कामातलं गणित पक्कं होतं. रोज 4 लिटर दूध डेअरीला घातलं आणि लिटरला 35 रुपये मिळाले तर किती झाले? 140. आणि आपल्या गटाचं पासबुक तर गणिताचं पुस्तकच आहे. 5,000 रुपये कर्ज, महिना 2 टक्के व्याज, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज 100 रुपये. मुद्दलातले 500 फेडले तर उरले 4,500. मग पुढच्या महिन्याचं व्याज 90. हे सातवीच्या पोरीकडून करून घ्या. तिचं गणित सुधारेल आणि आपला हिशेबही तपासून होईल.

मला वाचता येत नाही, मग?

तरीही जमतं. रोज अर्धा तास द्या. संध्याकाळी चुलीपुढं भाकरी करताना दिला तरी चालतो.

- लेकराला धडा मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्ही भाकरी थापत ऐका. वाचून झालं की विचारा, “यात काय झालं, ते मला सांग.” ज्याला सांगता येतं, त्याला कळलेलं असतं.
- लहानग्याला शेंगा, हरभरे मोजायला द्या. दहा-दहाचे ढीग करू द्या.
- पाहिलेलं सांगायला लावा. चैत्रातल्या येडाईच्या यात्रेत काय काय पाहिलं, चुनखडी कशी वेचली, ते क्रमानं सांगू दे. मोठ्या मुलांना तेच पाच ओळींत लिहायला सांगा.
- त्या अर्ध्या तासात टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा.

राज्यात 2022 पासून ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचं अभियान झालं. पहिलीत जाणाऱ्या लेकरांच्या आयांचे त्यात छोटे गट केले गेले. घरी काय खेळ घ्यायचे याची कार्डं आयांना दिली, आणि त्यांनी घरच्याच वस्तू वापरून ते घेतले. चार बायका एकत्र बसल्या की काम होतं, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको.

ऊसतोडीला जाण्याआधी

मुकादमाची उचल घेतली की पेंडी, भांडी, पांघरुणं सगळं बांधलं जातं. लेकरांच्या पुस्तकांचं ध्यान राहत नाही. मग मार्चमध्ये परत यावं तर वर्ग पुढं गेलेला असतो. दोन-तीन हंगाम असे गेले की शाळा सुटते. मुलगा कोयता धरतो. मुलगी खोपीवर धाकट्याला सांभाळते आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, ती अठराची व्हायच्या आत. ते टाळायचं असेल तर निघण्याआधी तीन कामं करा.

1. आजी-आजोबा गावात असतील तर लेकराला त्यांच्याकडं ठेवता येतं का बघा. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृह योजना आहे. मुलं गावातच राहतात, शाळेत जातात आणि त्यांच्या जेवणाची सोय होते. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला हंगामाआधीच भेटा. अनेक कुटुंबांची नावं एकदम दिली तर मागणीला जोर येतो.

2. बरोबर न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून लेकराला बसवता येतं. वर्षाच्या मधे आलं किंवा दाखला नाही, म्हणून सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. मागं पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवून वेगळं शिकवायचं, असंही त्यात आहे.

3. पुस्तकं, दोन वह्या आणि पेन्सिली भांड्यांच्या आधी बांधा. गुरुजींकडून कुठले धडे करायचे ते लिहून घ्या, त्यांचा फोन नंबर घ्या. फडात शाळा लांब असेल, तर खोपीवरचा अर्धा तासच लेकराला धरून ठेवतो.

शाळा सुटलेली असली तरी

वाट बंद होत नाही. मुक्त विद्यालयातून घरी अभ्यास करून पाचवी, आठवी, दहावी, बारावीची परीक्षा देता येते. दहावी-बारावीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. वयाची आणि कागदपत्रांची अट जवळच्या हायस्कुलात विचारा. ही सोय आपल्या लेकींसाठी आहे, तशीच आठवीत शाळा सुटलेल्या आपल्यासाठीही आहे.

गटानं काय करायचं?

येत्या बैठकीत बचत जमा झाली की प्रत्येक ताईला एक प्रश्न विचारा : “तुमचं लेकरू या आठवड्यात किती दिवस शाळेत गेलं?” उत्तर इतिवृत्तात लिहा. ज्या घरातून ऊसतोडीला जाणं आहे त्यांची यादी करा आणि ग्रामसंघाकडं द्या. गल्लीतल्या चार आयांनी मिळून संध्याकाळी एका ओसरीवर लेकरं बसवा. ज्या ताईला वाचता येतं तिनं वाचून घ्यावं, बाकीच्यांनी ऐकावं.

कर्जाचा एक हप्ता चुकला तर आपण सगळ्याजणी त्या ताईच्या दारात जातो. लेकराची शाळा चुकली तरी तसंच जाऊ या.