रुळांवरचं नौदल

पांढुर्णा-सौसरकरांना जाम आणि कन्हान नद्यांचा पूर ओळखीचा. नौदल मात्र दूर समुद्रावरचं. पण हे नौदल रेल्वेरुळांपर्यंतही पोचतं.

27 जुलै 2019. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली, आत हजारावर प्रवासी. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) जोडीला नौदलाची पथकं धावली. सोबत पाणबुडे, हवा भरलेल्या होड्या, लाइफ जॅकेटं. सगळे प्रवासी सुखरूप सुटले.

असा मेळ ऐनवेळी जमत नाही. ऑक्टोबर 2023मध्ये नौदलाने गोव्यात ‘चक्रवात’ हा आपत्तीतल्या मदतकार्याचा संयुक्त सराव घेतला. तिन्ही दलांसोबत एनडीआरएफ आणि इतर नागरी यंत्रणाही होत्या. आधी टेबलावर काल्पनिक आपत्ती मांडून कुणी काय करायचं ते ठरवायचं, मग प्रात्यक्षिक. टेबलावरचा भाग रटाळ खरा, पण गोंधळ पकडला जातो तो तिथेच.