उष्णतेवर चालणारा गारवा

मे महिन्यात कंधारला पारा चाळिशी ओलांडतो, तरी माठातलं पाणी गार राहतं. पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते. पुण्याची थरमॅक्स बनवते त्या शोषण-शीतयंत्रांचं तत्त्वही हेच. बंद टाकीतली हवा काढून दाब इतका उतरवतात, की पाणी ५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि नळ्यांतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतं. ही वाफ लिथियम ब्रोमाइडचं खारं द्रावण शोषतं. पातळ झालेलं द्रावण तापवलं, की पाणी सुटं होतं. ते निववून पुन्हा टाकीत सोडतात. नेहमीच्या शीतयंत्रातल्या कॉम्प्रेसरचं काम इथे उष्णता करते, वीज लागते ती पंपांपुरती. कारखान्यातली वाया जाणारी वाफही चालते. महत्त्वाचं पथ्य: टाकीत हवा शिरता कामा नये.