टकळीचा पीळ आणि विज्ञानाचा तास

विज्ञानाच्या तासाला चित्रकला, संगीत, सूतकताई किंवा स्वयंपाक आणायचा म्हटलं की अकोला-अमरावतीकडच्या अनेक पालकांच्या कपाळाला आठी पडते. दहावी तोंडावर आलेली असताना हे कशाला, असं त्यांना वाटतं. काळजी खरी आहे, पण तिच्यामागे काही गैरसमज आहेत. आणि या कल्पनेची बाजू घेणाऱ्यांचेही काही गैरसमज आहेतच.

ही 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दिल्लीहून धाडलेली नवी टूम आहे, हा त्यातला पहिला. कला आणि विज्ञान, पुस्तकी विषय आणि व्यवसाय यांच्यात ताठर भिंती नकोत, असं त्या धोरणात लिहिलं आहे आणि सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसही सुचवले आहेत. पण वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्यात, 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिथून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगाच्या आधाराने सगळे विषय शिकवणाऱ्या नई तालीमचा आराखडा उभा राहिला. पुढे 1983 मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे घडलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी त्याची चार अंगं आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांनी तो घेतला. म्हणजे कल्पना जुनी आहे आणि आपल्याच मातीतली आहे.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो, कारण तो उत्साही शिक्षकांमध्ये आढळतो: मुलांनी हाताने काहीतरी केलं की विज्ञान आपोआप शिकलं जातं. तसं होत नाही. बाजारातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसवला, तर मुलांना मजा येते, पण त्यांच्या हाती प्रश्न लागत नाही. कामाला मोजमाप आणि अंदाज जोडला, तेव्हाच त्याचं विज्ञान होतं.

आपल्याकडे त्यासाठी कापसाएवढं चांगलं साहित्य दुसरं नाही. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावाने जो कापूस विकला जाई, ते नाव अमरावतीवरूनच पडलं होतं. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस घराघरांत येऊन पडतो. नववीच्या वर्गाने त्यातला 100 ग्रॅम घ्यावा, हाताने सरकी काढावी आणि रुई तोलावी. साधारण 33 ते 38 ग्रॅम भरते. कापसाचा भाव ठरवताना जिनवाले ज्याला रुईचा उतारा म्हणतात, तो हाच.

मग पेळू करून टकळीवर सूत काढावं. इथे खरं भौतिकशास्त्र सुरू होतं. पीळ न दिलेली रुई बोटांनी ओढली तर सहज सुटते, कारण तंतू एकमेकांवरून घसरतात. पीळ दिला की ताण पडताच तंतू एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं आणि सूत तग धरतं. मग पीळ जितका जास्त तितकं सूत मजबूत, असं असेल का? वर्गाला आधी अंदाज लिहायला लावावा. नंतर सारख्या लांबीचे धागे घ्यावेत, प्रत्येकाला मोजून वेगवेगळे पीळ द्यावेत, धागा खिळ्याला बांधून खाली प्लास्टिकची छोटी बाटली टांगावी आणि धागा तुटेपर्यंत तिच्यात मापाने पाणी ओतत जावं. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम वजन, त्यामुळे तराजूही लागतो तो फक्त रिकाम्या बाटलीपुरता. हातसूत कुठे जाड तर कुठे बारीक निघतं, म्हणून प्रत्येक पिळाचे निदान दहा धागे तोडून सरासरी काढावी लागते. आलेख आधी चढतो, एका टप्प्यावर माथा गाठतो आणि मग उतरतो. फार पीळ दिला की तंतू इतके तिरपे होतात की धाग्याच्या दिशेने भार पेलण्याची त्यांची ताकद घटते, शिवाय पिळाचाच ताण त्यांच्यावर आधीपासून असतो. घर्षण, बल, सरासरी, आलेख एवढं सगळं एका टकळीत सापडतं. सूत काढणाऱ्या म्हाताऱ्या हातांना तो माथा चिमटीत कळत असे. मुलांना तो कागदावर दिसतो.

कला म्हणजे विज्ञानाची रंगरंगोटी, असा तिसरा समज आहे. प्रकल्पवहीच्या कडेला वेलबुट्टी काढणं म्हणजे कलेची सांगड, असं मानलं तर हा समज खराच ठरतो. पण चित्र काढणं हे मुळात पाहायला शिकणं आहे. मेंदूतल्या चेतापेशी सुट्या असतात, हे दाखवून देणारा स्पेनचा सांतियागो रामोन ई काहाल लहानपणी चित्रकार व्हायचं म्हणत होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने हाताने काढलेल्या आकृत्या आजही अभ्यासल्या जातात; 1906 चं नोबेल त्याला कामिल्लो गोल्जीबरोबर मिळालं.

आपल्या मुलांना फुलाची आकृती पुस्तकातून उतरवून काढण्याची सवय असते. त्याऐवजी त्यांना पऱ्हाटीच्या शेतात नेऊन बसवावं. नेहमीच्या संकरित कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढुरकं-पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी पडतं. पुंकेसर एकत्र येऊन त्यांची नळी झालेली असते, जास्वंदीत आणि भेंडीत असते तशीच, कारण तिघांचं कुळ एक. ज्या मुलीने हे फूल दोन दिवस बसून काढलं आहे, तिला पाकळ्या चिकटून न उमललेली डोमकळी बांधावरून ओळखू येईल. आत गुलाबी बोंडअळी असल्याची ती खूण असते. ही ओळख तिच्या बापाच्या शेताच्या कामाची आहे.

संगीताचंही असंच. मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी वऱ्हाडात गावोगाव पोचली. भजनाला बसलेल्या कुणालाही माहीत असतं की खंजिरीचा आवाज तबल्याच्या दायाँसारखा एका सुरात लागत नाही. का? ताणलेल्या साध्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या 1.59 पट, 2.14 पट असे आडनिडे पडतात. तबल्यावर शाई चढवली की मधला भाग जड होतो आणि हे उपस्वर दुप्पट, तिप्पट अशा नेटक्या प्रमाणाजवळ येतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये हेच मांडलं. कारागिरांनी शाई लावण्याची युक्ती त्याच्या कितीतरी आधी साधलेली होती. रामन यांनी तिचं कारण शोधलं.

प्रयोगशाळेविना हे जमणार नाही, असंही म्हटलं जातं. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि जिथे ती आहे तिथे ती जरूर वापरावी. पण पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं काय? अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचं पाणीच खारं आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक लिटर पाणी मंद आचेवर आटवून भांड्याच्या तळाशी राहिलेला क्षार सराफाच्या काट्यावर तोलावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000. आपल्या गावच्या विहिरीत किती निघाले, हे मुलांनी तोलून पाहिलं की तो आकडा ग्रामसभेतही मांडता येतो.

आणि साबण? खाऱ्या पाण्याला फेस येत नाही, असं सगळे म्हणतात. फेस मुख्यतः मारतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. नुसतं सोडियमचं मीठ थोडं असेल तर पाणी जिभेला खारट लागूनही फेस देऊ शकतं. जीभ आणि साबण वेगवेगळी साक्ष देतात, तेव्हा वर्गात उत्तम वाद रंगतो.

स्वयंपाकघरातही असा प्रयोग सापडतो. वाळवणाच्या दिवसांतला पापडखार हळदीच्या पाण्यात टाकला की पिवळा रंग तांबडा होतो, वर लिंबू पिळलं की परत पिवळा. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करतात, त्यातला रंगही असाच येतो.

एका आक्षेपाला मात्र मी गैरसमज म्हणणार नाही. सुताराच्या मुलाने शाळेतही रंधाच मारायचा का, हा प्रश्न नई तालीमच्या काळातही विचारला गेला होता. पंजाबराव देशमुखांनी 1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट मिळावी म्हणून. ती वाट पुन्हा बापजाद्यांच्या धंद्याकडे वळली तर कुणालाही राग येईल. म्हणून अट एकच असायला हवी: सगळ्यांनी सगळं करायचं. पाबळला मुली वेल्डिंग करतात आणि मुलगे स्वयंपाक. गावातल्या सधन घरच्या मुलाने विहिरीचं पाणी आटवलं नाही आणि ते काम फक्त मजुराच्या मुलीकडे आलं, तर त्या वर्गात विज्ञान शिकवलं गेलं असं मी मानणार नाही.

राहिला मार्कांचा मुद्दा. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर 40-40 गुणांचे आणि प्रात्यक्षिकाचे 20. बालभारतीच्या नववीच्या पुस्तकात ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ आणि ‘ध्वनीचा अभ्यास’ हे धडे आहेतच. पापडखार आणि खंजिरी त्याच धड्यांत बसतात. वेळ जास्त लागतो, हे कबूल. सुताच्या प्रयोगाला दोन तास तरी जातात. पण कार्यानुभवाचे किंवा चित्रकलेचे तास बऱ्याच शाळांच्या वेळापत्रकात आधीपासून असतात. विज्ञानाच्या बाईंनी आणि चित्रकलेच्या सरांनी आपापले तास एकमेकांशेजारी लावून घेतले, तर वेचणीच्या आठवड्यात सलग दोन तास मिळू शकतात.