‘अबशर’ : सौदीच्या सरकारी ॲपमागचा अरबी रिवाज

अरब घरात कुणी काही मागितलं, की यजमान पटकन म्हणतो, “अबशिर!” म्हणजे काळजी नको, काम झालंच समजा. उर्दूतला ‘बशारत’ हा शब्द याच मुळातून आलेला आहे. सौदी अरबच्या गृह मंत्रालयाने आपल्या ऑनलाइन सेवेला हेच नाव दिलं. इकामा, पासपोर्ट, वाहन परवाना, एक्झिट-रीएन्ट्री व्हिसा अशी कितीतरी कामं त्यावर होतात.

पण नाव ओळखीचं असलं तरी सवय लगेच बदलत नाही. अरब समाजात जुना रिवाज मजलिसचा. अमीराच्या बैठकीत जायचं, समोरासमोर अर्ज द्यायचा. दुसरा रिवाज ‘वास्ता’चा, म्हणजे ओळखीच्या माणसाकरवी काम करून घ्यायचं. आपल्याला हे नवीन नाही. मराठीतला ‘वशिला’ही अरबी ‘वसीला’वरूनच आलाय! मोबाईलला मात्र ओळखपाळख कळत नाही. म्हणून ज्याचा वशिला मोठा, त्याचा यात तोटा आणि ज्याचं कुणीच नाही, त्या परदेशी कामगाराचा फायदा.

तिसरी गोष्ट कुटुंबाची. घरातल्या स्त्रीच्या परदेश प्रवासाला वडील किंवा पती ‘अबशर’वरूनच परवानगी देत. म्हणजे कचेरीचा हेलपाटा वाचला, पण परवानगीची अट तशीच राहिली. ती ॲपमुळे नाही, कायद्यामुळे बदलली. ऑगस्ट 2019 मध्ये नियम सुधारले आणि 21 वर्षांवरील स्त्रियांना पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट व प्रवासाची मुभा मिळाली. ॲप जुना रिवाज सोपा करतं; तो योग्य की अयोग्य, हे माणसांनाच ठरवावं लागतं.

संयुक्त राष्ट्रांच्या ई-गव्हर्नमेंट पाहणीत सौदी अरब 2022 मध्ये 31व्या क्रमांकावर होता, 2024 मध्ये 6व्या. ही झेप मोठीच म्हणायची.

आपला संबंध काय? उमऱ्याला गेल्यावर मदीनेत रियाजुल जन्नतमध्ये नमाजसाठी ‘नुसुक’ ॲपवर परमिट घ्यावं लागतं. नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांचे कागद ‘अबशर’वर असतात. अशा वेळी “भाईजान, तुम्हीच बघा” म्हणून पासवर्ड आणि ओटीपी एजंटाच्या हाती देणं, हा आपला वास्ता झाला. मदत जरूर घ्या, पण मोबाईल आपल्याच हातात ठेवा.